शस्त्र घडवावे, पण उजेडात

खंडेनवमीच्या दिवशी परभणी जिल्ह्यातील कोणत्याही खेड्यात जावे. गोदाकाठच्या गंगाखेड-सोनपेठात जा की जिंतूरच्या डोंगरपट्ट्यात, दृश्य एकच दिसते. विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, सुताराचा रंधा, लोहाराची ऐरण, मेकॅनिकचे पाने, असे सारे धुऊन-पुसून पाटावर मांडलेले असते आणि त्याला हळदकुंकू वाहिलेले असते. क्वचित एखाद्या जुन्या वाड्यात आजोबांची तलवार वा परवान्याची बंदूकही त्या पाटावर येते. या पूजेचे मर्म आपण नीट समजून घेतले पाहिजे. आपल्या परंपरेने अवजार आणि शस्त्र यांत भेद केला नाही. दोन्हींना हात लागतो, दोन्हींना कौशल्य लागते आणि दोन्हींवर धर्माचा अंकुश लागतो. हा अंकुश सुटला की अवजाराचे हत्यार होते आणि शस्त्राचे पाप.

हे सांगण्यास कारण आहे. गेल्या काही वर्षांत आपल्या तरुणांच्या मोबाइलवर एक नवीच दुनिया अवतरली आहे. अमेरिकेतील हौशी मंडळी सुटे भाग मागवून स्वतःच्या घरी, स्वतःच्या टेबलावर स्वतःची रायफल जुळवतात. त्या देशाच्या संघराज्यीय कायद्यानुसार स्वतःच्या वापरापुरते शस्त्र घडवण्यास सामान्य नागरिकाला सहसा परवाना लागत नाही. हे पाहून आपला हुशार तरुण विचारतो, "हे आपण का करू नये? ज्या समाजाने शतकानुशतके शस्त्राची पूजा केली, त्याच समाजाच्या हातात आज साधी बंदूकही का नसावी?" प्रश्न विचारणारा गुंड नाही. तो आयटीआयमधून टर्नर किंवा फिटर होऊन बाहेर पडलेला, हाताला लोखंडाची जाण असलेला, मनाने स्वाभिमानी मुलगा आहे. त्याला दटावून गप्प करणे सोपे आहे. परंतु त्याचे समाधान करणे हे आपले कर्तव्य आहे.

प्रथम त्याच्या प्रश्नातील सत्य मान्य करू. हा समाज निःशस्त्र झाला नाही, केला गेला. १८५७ च्या स्वातंत्र्यसमराने हादरलेल्या इंग्रजी सत्तेने पुढे लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, १८७८ मध्ये, शस्त्र कायदा आणला. भारतीयाला परवाना सक्तीचा आणि युरोपियनाला मात्र सूट, असा तो उघड वर्णभेदी कायदा होता. त्याने केवळ शस्त्र हिरावले नाही, शस्त्र घडवणारा हातही लुळा केला. परभणीहून गोदावरीच्या प्रवाहाबरोबर खाली गेले की आजच्या तेलंगणातील निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम हे गाव लागते. तेथील भट्ट्यांतील पोलाद नेण्यासाठी इराणी व्यापारी येत असत. जगभर नावाजलेल्या दमास्कसच्या तलवारींचे पाते अशाच भारतीय पोलादाचे होते. महादजी शिंद्यांनी आग्र्याला तोफा आणि बंदुकांचे कारखाने चालवले. शस्त्रांना पाणी देणारे, धार लावणारे शिकलगार आणि गावोगाव भाता घेऊन हिंडणारे घिसाडी यांच्या हातात ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या होती. आज यांतील अनेकांच्या वाट्याला उपेक्षा आली, आणि त्याहून वाईट म्हणजे पोलिसी संशय आला. ज्यांनी राष्ट्राचे शस्त्रकार व्हायचे ते समाजाच्या कडेला फेकले गेले. ही आत्मविस्मृती नव्हे तर काय?

या अन्यायाविरुद्ध राष्ट्रीय आंदोलनाने आवाज उठवला होता. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचाही समावेश होता. पुढे डिसेंबर १९४८ च्या प्रारंभी घटना समितीत हरि विष्णु कामत यांनी हा हक्क राज्यघटनेत यावा म्हणून दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. कोणीही उठावे, बाजारात जावे आणि हवे ते मारक साधन विकत घ्यावे, अशी मुभा असेल तर राज्यकारभार चालणार कसा, हा त्यांचा सवाल होता. दुरुस्ती फेटाळली गेली. राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने नागरिकाला एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले, पण शांततेने आणि विनाशस्त्र.

हा वाद झाला तो काळ लक्षात घ्या. त्याच्या अवघे अडीच महिने आधी, १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत, आपला मराठवाडा निजामाच्या जोखडातून मुक्त झाला होता. शस्त्र कोणाच्या हाती असावे, या प्रश्नाचे उत्तर परभणी जिल्ह्याने पुस्तकातून नव्हे, रक्तातून शिकले आहे. लातुरात वकिली करणाऱ्या कासिम रझवीच्या रझाकारांच्या हाती बंदुका होत्या आणि खेड्यातील माणसाच्या हाती काठी. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीच्या अंधारात विमानांनी निजामासाठी शस्त्रे आणत होता. दुसऱ्या बाजूला सरहद्दीवरील उमरखेडसारख्या कॅम्पांतून लढणाऱ्या स्वातंत्र्यसैनिकांकडे शस्त्रांची सदैव वानवा. त्याही स्थितीत ते लढले. तेव्हा परभणी जिल्ह्यात असलेल्या वसमत भागातील हुतात्मा बहिर्जींचे स्मरण आजही तेथील शिक्षणसंस्थांच्या नावांतून जागते आहे. त्याही पूर्वी १९३८-३९ मध्ये आर्य समाज आणि हिंदू महासभेच्या सत्याग्रहींनी भागानगरचा निःशस्त्र प्रतिकार केला, तुरुंग भरले, लाठ्या खाल्ल्या. संघटित समाजाचे बळ शस्त्रावाचूनही कसे उभे राहते, याचा तो धडा होता.

मात्र या इतिहासाचा दुसरा धडाही प्रामाणिकपणे वाचला पाहिजे. रझाकार हे राज्यसत्तेबाहेरचे सशस्त्र टोळके होते आणि म्हणूनच ते अत्याचारी झाले. त्यांच्या पाडावानंतरच्या बेबंद दिवसांत सुडाने पेटलेल्या हातांनी निरपराध मुस्लिम कुटुंबांचेही बळी घेतले. पंडित सुंदरलाल समितीने त्याची नोंद केली आहे. ज्या हाताला शासन नाही आणि अनुशासनही नाही, त्या हातातील शस्त्र धर्म विचारत नाही. मराठवाड्याला मुक्ती मिळाली ती घराघरांत लपवलेल्या बंदुकीने नव्हे. एका बाजूला जनतेचा संघटित लढा आणि दुसऱ्या बाजूला जनरल चौधरींच्या नेतृत्वाखालील भारतीय सेना, या दोहोंच्या संगमातून ती मिळाली.

आता कायद्याकडे वळू. १८७८ चा कायदा गेला आणि त्याच्या जागी स्वतंत्र भारताच्या संसदेने १९५९ चा शस्त्र अधिनियम केला. तेव्हा "हा इंग्रजांचा कायदा आहे" ही सबब आज चालणार नाही. या अधिनियमात शस्त्र या शब्दाच्या व्याख्येतच शस्त्राचे सुटे भाग आणि शस्त्र बनवण्याची यंत्रेही येतात. परवान्यावाचून अग्निशस्त्र बनवणे, बदलणे, दुरुस्त करणे, हे सारे गुन्हे आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा निर्मितीस किमान ७ वर्षे आणि कमाल जन्मठेपेची शिक्षा आहे. गोठ्यामागे किंवा वर्कशॉपच्या मागच्या खोलीत हौसेने नळी घासणाऱ्या तरुणाने हे स्पष्ट जाणून असावे. तेथे त्याचा हेतू कोणी विचारणार नाही. एका हौसेपायी आई-बाप कोर्टाच्या पायऱ्या झिजवतील आणि ज्या विचाराचे नाव तो घेतो तो विचारही बदनाम होईल. समाजमाध्यमांवर तलवारी आणि कट्टे नाचवणारी छायाचित्रे टाकून आपल्यातीलही काही उत्साही मंडळी हेच करीत आहेत. त्याला क्षात्रतेज म्हणत नाहीत. तो उठवळपणा आहे.

आणि ज्या अमेरिकेचा दाखला दिला जातो, ती तरी निश्चिंत आहे काय? सुट्या भागांपासून घरी जुळवलेल्या, क्रमांक नसलेल्या बंदुका गुन्ह्यांत सापडू लागल्या, तपास खुंटू लागला, तेव्हा २०२२ मध्ये तेथील शासनाला अशा संचांवर निर्बंध आणावे लागले आणि मार्च २०२५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. जपानचे माजी पंतप्रधान शिंजो आबे, भारताचे सच्चे मित्र, यांची जुलै २०२२ मध्ये हत्या झाली ती अशाच घरगुती बंदुकीने. एका वैफल्यग्रस्त माणसाच्या हस्तकौशल्याने एका राष्ट्राचे केवढे नुकसान केले!

मग त्या फिटर मुलाच्या हाताने काय करायचे? त्याची ऊर्मी मारून टाकायची? मुळीच नाही. तिला उजेडात जागा द्यायची. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकतो. त्याआधी कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती होते. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यातील दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो टिपण्यासाठी दस्त्याची उंची, गालाचा टेकू, घोड्याचा दाब, तोल, हे सारे नेमबाजाच्या अंगकाठीला जुळवावे लागते. रायफल जुळवण्याचा हा कायदेशीर, शास्त्रशुद्ध आणि राष्ट्राला पदक देणारा छंद आहे. ठरावीक मर्यादेतील एअर रायफलीला परवानाही लागत नाही. तरीही जागतिक स्पर्धांतील रायफली बहुतांशी जर्मन कारखान्यांच्या. ही नळी, हा दस्ता आपल्या आयटीआयमध्ये शिकलेल्या मुलांच्या हातून, परवानाधारक कारखान्यात का घडू नये?

आणि ज्याला खरोखर लष्करी शस्त्र घडवायचे आहे, त्याने लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. महूची पायदळ शाळा आणि पुण्याची एआरडीई प्रयोगशाळा यांच्या सहकार्याने त्यांनी 'अस्मी' हे ९ मिलिमीटरचे मशीन पिस्तूल अवघ्या चार महिन्यांत साकारले. जानेवारी २०२१ मध्ये ते देशासमोर आले. त्याच पुण्याच्या प्रयोगशाळेने एका खासगी उद्योगाच्या साथीने 'उग्राम' रायफल घडवली, जी जानेवारी २०२४ मध्ये प्रकट झाली. संरक्षण उत्पादनाचे दार खासगी उद्योगाला २००१ मध्येच उघडले आहे. दार उघडे असताना भिंतीला भोक पाडायचे कशाला?

शासनाकडेही आमचे मागणे आहे. कायदा कठोर असावा, पण आंधळा नसावा. प्रत्येक जिल्हा केंद्रावर, परभणीसारख्या मागास म्हटल्या जाणाऱ्या जिल्ह्यातही, सर्वसामान्याला परवडेल अशी नेमबाजीची रेंज हवी. रानडुकरांनी आणि रोह्यांनी उभे पीक लोळवलेल्या शेतकऱ्यासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद १९५९ च्या अधिनियमातच आहे. ती कचेरीच्या फायलीत कुजू नये. शिकलगार आणि घिसाडी समाजाच्या मुलांसाठी धातुकामाचे प्रगत प्रशिक्षण आणि संरक्षण उद्योगांत उमेदवारी हवी. जो हात संशयाने दूर लोटला, तो सन्मानाने जवळ घेतला तर अवैध कट्ट्यांचा बाजार निम्मा आपोआप ओस पडेल.

ज्या हैदराबादेत एकेकाळी रात्रीच्या अंधारात निजामासाठी परकी शस्त्रे उतरत होती, त्याच हैदराबादेत आज भारतीय सेनेसाठी 'अस्मी' तयार होते. पंचाहत्तर वर्षांतील हे परिवर्तन आपल्या तरुणाने मनात कोरून ठेवावे. पुढच्या खंडेनवमीला त्याच्या पाटावर लपवलेला कट्टा नको. त्याचे मायक्रोमीटर असावे, त्याची कानस असावी आणि शेजारी त्याच्या कौशल्याचे प्रमाणपत्र असावे. ती पूजा देवीला अधिक प्रिय होईल.