मेंदूंतील वेष्टणकार पेशी

घरांत तान्हें मूल असलें म्हणजे तें पालथें कधीं पडलें, बसूं कधीं लागलें, पहिलें पाऊल कधीं टाकलें, याचा हिशेब आजीपासून धाकट्या आत्यापर्यंत सर्वांच्या जिभेवर असतो. त्याच दिवसांत त्या चिमुकल्या मस्तकाच्या आंत जें मोठें विणकाम चाललेलें असतें, त्याचा परिचय आज वाचकांस करून द्यावा असें आम्हीं योजिलें आहे.

मेंदूचे हुकूम मज्जातंतूंतून विजेच्या स्पंदांच्या रूपानें धांवतात. अनावृत तंतूंत त्यांचा वेग सेकंदास सुमारें १ मीटर, म्हणजे सावकाश चालणाऱ्या माणसाएवढाच असतो. परंतु वेष्टण चढलेल्या जाड तंतूंत तोच १०० मीटरपर्यंत जातो. या वेष्टणास मायेलिन हें नांव जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्शो यांनीं १८५४ सालीं दिलें. त्याच्या शुष्क द्रव्यांत बहुतांश स्निग्ध पदार्थ असून बाकीचीं प्रथिनें होत. मेंदूंत तें विणणाऱ्या पेशी स्पेनमधील पीओ देल रीओ-ओर्तेगा यांनीं चांदीच्या क्षारांनीं रंगवून १९२१ च्या सुमारास ओळखल्या व त्यांस ‘ऑलिगोडेंड्रोग्लिया’ असें नांव दिलें. अशी एकेक पेशी आपल्या फांद्या पसरून अनेक तंतूंस एकाच वेळीं गुंडाळते.

ही कुशल पेशी मूळच्या साध्या मूलपेशीपासूनच घडते. दोहोंतील जनुकें एकच; मग भेद कशाचा? प्रथिनांचा. घरांत पाकशास्त्राचें पुस्तक एकच असलें तरी एकादशीस त्यांतील एक पान उघडलें जातें व दिवाळीस दुसरें, तसाच हा प्रकार आहे.

आरंभीं ‘ऑलिग-२’ व ‘सॉक्स-१०’ हीं प्रथिनें पेशीची दिशा ठरवितात. मधल्या अवस्थेंत तिच्या पृष्ठभागावर वाढीचा संदेश घेणारें प्रथिन असतें, व तोंवर ती विभागते आणि मेंदूंत संचार करते. पुढें तें प्रथिन मावळतें, विभाजन थांबतें, फांद्या फुटतात, आणि मग खरीं वेष्टणाचीं प्रथिनें निर्माण होऊं लागतात. त्यांपैकीं ‘मायेलिन बेसिक प्रोटीन’ हें वेष्टणाचे थर एकमेकांस घट्ट चिकटवितें. तें चिकट असल्यामुळें पेशी त्याची केवळ कृति फांदीच्या टोकाशीं पाठविते व तें तेथेंच तयार करते. गवंडीही भिंतीपाशींच चुना कालवितो! सर्वांत शेवटीं ‘मॉग’ या संक्षिप्त नांवाचें प्रथिन बाहेरील पृष्ठावर प्रकट होतें.

यांतील एक पायरी चुकली तर काय होतें? उंदरांच्या एका जातींत वरील चिकटविणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाचा बराचसा भाग नाहीं. ते उंदीर जन्मानंतर थोड्याच दिवसांत कांपूं लागतात व अल्पायुषी ठरतात.

मनुष्यांत ‘मल्टिपल स्क्लेरोसिस’ या रोगांत शरीराचेंच रक्षकदळ या वेष्टणावर उलटतें. पॅरिसचे शार्को यांनीं १८६८ सालीं त्याचें सविस्तर वर्णन केलें. तो बहुधा ऐन विशी-चाळिशींत, आणि पुरुषांपेक्षां स्त्रियांस अधिक गांठतो. विशेष हें कीं, अनेक जुन्या व्रणांत अर्धवट घडलेल्या पेशी हजर असतात, परंतु त्यांचें पुढचें पाऊल पडत नाहीं. म्हणूनच कोणतें प्रथिन केव्हां यावें व कोणतें केव्हां जावें, हा क्रम जाणणें अगत्याचें आहे; क्रम कळला तरच अडलेलें स्थळ सांपडणार. क्योटोच्या यामानाका यांनीं २००७ सालीं मनुष्याच्या त्वचेच्या पेशी मूलावस्थेस नेऊन दाखविल्यापासून रुग्णाच्या मेंदूस हात न लावतां त्याच्याच पेशींवर हा अभ्यास करतां येतो.

आजची औषधें रोगाचे हल्ले कमी करतात. गेलेलें वेष्टण खात्रीनें परत आणणारें औषध मात्र अद्याप हातीं आलेलें नाहीं. यास्तव ‘मूलपेशींनीं मेंदू नवा करून देतों’ अशा जाहिराती पाहून कोणीं घरचे दागिने मोडूं नयेत. भारत सरकारच्या २०१७ च्या मार्गदर्शक नियमांनुसार, रक्ताच्या ठराविक विकारांवरील मान्य उपचार वगळतां, मूलपेशींचा असा उपयोग केवळ संमत चांचणींतच करतां येतो. जेथें चांचणीचें नांव नाहीं व पैशांची मात्र घाई आहे, तेथून वाचकांनीं परत फिरावें, एवढीच आमची विनंती.