सव्वा किलोचा संगणक

आषाढांत ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी वेळापुरीं मुक्कामास येते, तेव्हां रस्त्याच्या कडेस टेकलेल्या वारकऱ्यांच्या पडशांकडे पाहत बसण्याची आम्हांस जुनी खोड आहे. आळंदीहून निघालेला मनुष्य येथवर येईपर्यंत सुमारें पंधरा दिवस चालत असतो. त्याच्या पडशींत काय उरलें आहे हें पाहिलें म्हणजे गरज कोणती व हौस कोणती याचा निवाडा आपोआप होतो. एक धोतर अंगावर, एक वाळत. तांब्या, टाळ, एक कांबळें. वजन म्हणजे काय हें त्यास तराजू सांगत नाहीं, खांदा सांगतो.

हें आठवावयास कारण असें कीं, बारावीचा निकाल लागला म्हणजे अलीकडे कित्येक पालक आमच्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात. मुलास लॅपटॉप घ्यावयाचा आहे. तो साधा घ्यावा कीं तो पातळ, महागाचा घ्यावा? साधा म्हणजे चाळीस-पंचेचाळीस हजारांचा, व महागाचा म्हणजे लाखाच्या घरांतला. मधलें अंतर म्हणजे आमच्या भागांतील अनेक कुटुंबांत उसाच्या बिलाचा एक हप्ता. तेव्हां हा प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं, व 'ज्याची जशी ऐपत' असें म्हणून झटकून टाकण्याजोगाही नाहीं.

आमचें मत आम्ही प्रथमच सांगून टाकतों. हलक्या व उंची लॅपटॉपास जी अधिक किंमत पडते ती, रोजच्या कामापुरतें पाहिलें तर, यंत्राच्या बुद्धीची नसून घेणाराच्या खांद्याची, डोळ्यांची व बोटांची असते. जो तें यंत्र रोज वाहून नेतो त्यानें तें घेतलें तर ती चैन नव्हे. ज्याचें यंत्र टेबलावरून हालत नाहीं त्यानें तें घेणें ही मात्र निव्वळ चैन होय. आणि आमच्या पाहण्यांत बहुतेक घरीं नेमकें याच्या उलट चाललें आहे.

हलकेपणासाठीं पैसे मोजण्याची रीत जुनीच आहे. सन १९८१ मध्यें अमेरिकेंत 'ऑस्बोर्न १' नांवाचा संगणक विक्रीस आला. बरोबर नेतां येण्याजोगा म्हणून तो गाजला, आणि त्याचें वजन होतें सुमारें ११ किलो! पडदा पांच इंचांचा, आंत बॅटरी नाहीं. भिंतींत जेथें वीज तेथेंच तो चालावयाचा. किंमत १,७९५ डॉलर. पुढें जानेवारी २००८ मध्यें स्टीव्ह जॉब्ज यांनीं सॅन फ्रान्सिस्को येथें भरसभेंत एका कागदी पाकिटांतून लॅपटॉप बाहेर काढून दाखविला. तो पहिला 'मॅकबुक एअर'. वजन १.३६ किलो, किंमत १,७९९ डॉलर. सत्तावीस वर्षांत डॉलरचें मोल पुष्कळ उतरलें, तें सोडून देऊं. आंकडा जवळजवळ तोच राहिला आणि वजन मात्र आठवा हिस्सा उरलें.

त्या पाकिटाचें कौतुक पुष्कळ झालें. पण पाकिटांत मावण्याकरितां काय काय बाहेर टाकावें लागलें, हा हिशेब कौतुक करणारांच्या ध्यानीं फारसा आला नाहीं. सीडीचा खण गेला. इंटरनेटची तार जोडण्याची जागा गेली. यूएसबीचें छिद्र एकच उरलें. बॅटरी घरच्या घरीं बदलण्याची सोय गेली. आणि रॅम, म्हणजे काम चालूं असतां यंत्र आपला पसारा ज्या जागेवर मांडतें ती जागा, मुख्य पाटीवरच डाख देऊन कायमची पक्की करण्यांत आली. त्या काळीं हे अपवाद वाटत. आज पातळ यंत्रांची ती रीतच होऊन बसली आहे, मग तें यंत्र कोणत्याही कंपनीचें असो. एलजी कंपनीनें तर आपल्या हलक्या लॅपटॉपांच्या मालिकेचें नांवच 'ग्राम' असें ठेविलें आहे!

नोव्हेंबर २०२० मध्यें एम१ चिपचा एअर निघाला. त्यांत पंखासुद्धां नाहीं. वजन १.२९ किलो व भारतांतील आरंभींची किंमत ९२,९०० रुपये. २०२२ सालीं एम२ चिपचा आला, तो १.२४ किलोचा व १,१९,९०० रुपयांचा. पन्नास ग्रॅम उतरले व सत्तावीस हजार रुपये चढले. (पडदा व चिपही सुधारली होती, हें न्यायाला धरून सांगितलें पाहिजे.)

आतां रोजचें काम म्हणजे काय तें पाहूं. निबंध लिहिणें, प्रवेशाचा अर्ज भरणें, सातबाराचा उतारा पाहणें, घरखर्चाचा व कारखान्याकडून आलेल्या बिलाचा ताळा मांडणें, एखादें व्याख्यान ऐकणें. यांपैकीं एकाही कामानें साध्या नव्या यंत्रास घाम फुटत नाहीं. दुकानांत मात्र सारें बोलणें वेगाचें. पडदा दिवसाउजेडीं नीट दिसतो कीं नाहीं, अक्षर कोरीव उमटतें कीं दाणेदार, कळ बोटाखालीं समाधानानें दबते कीं नाहीं, याविषयीं विकणारा अवाक्षर काढीत नाहीं. आणि घेणाराही विचारीत नाहीं, हें त्याहून नवल. वास्तविक उंची यंत्रांत पैशाचें चीज होतें तें येथेंच. मराठींत लिहिणारानें तर दुकानांत उभ्या उभ्याच इन्स्क्रिप्ट चालूं करून चार ओळी लिहून पाहाव्या. ही मांडणी विंडोज व मॅक या दोहोंत मुळांतच असते. स्वर डाव्या हाताला, व्यंजनें उजव्या हाताला, अशी तिची वांटणी आहे. कळांवर देवनागरी छापलेली नसते म्हणून विद्यार्थ्यांनीं घाबरूं नये. महिन्याभरांत बोटें आपलीं आपण शिकतात.

रॅमविषयीं मात्र पालकांनीं सावध असावें. ज्या यंत्रांत ती पक्की केलेली असते, तें घेतांना पुढील पांच-सहा वर्षांची गरज पहिल्याच दिवशीं विकत घ्यावी लागते. ॲपल कंपनीचे एअर २०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत ८ जीबीपासून सुरूं होत. मग कंपनीनें तो आरंभ १६ जीबीवर नेला. ज्यांनीं आदल्याच महिन्यांत ८ चा घेतला त्यांना तो १६ चा करून घेण्यास कोणताही मार्ग नाहीं. जाड लॅपटॉपांपैकीं पुष्कळांत खालचें झांकण काढून एक पट्टी बसविली कीं काम भागतें. घेण्यापूर्वीं एवढाच प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावा आणि उत्तर पावतीवर लिहून घ्यावें.

आमच्या हवेचाही विचार केला पाहिजे. सोलापूर जिल्ह्यांत उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो. ॲपल कंपनी आपले लॅपटॉप १० ते ३५ अंश सेल्सियसपर्यंतच्या हवेंत वापरावे, असें सांगते. पत्र्याच्या खोलींत मे महिन्याच्या दुपारीं ही मर्यादा केव्हांच ओलांडलेली असते. पंखा नसलेलें यंत्र अशा वेळीं स्वतःस सांभाळण्याकरितां सावकाश चालूं लागतें. तें एक वेळ परवडलें. परंतु लिथियम-आयन बॅटरी उष्णतेनें लौकर म्हातारी होते, तें परवडत नाहीं. सबब उन्हांत उभ्या केलेल्या मोटारींत लॅपटॉप ठेवूं नये, व गादीवर ठेवून वापरूं नये. दुसऱ्या बाजूनें पाहतां, पंखा नाहीं म्हणजे धूळही आंत ओढली जात नाहीं. उसाच्या गाड्या सुरूं झाल्या म्हणजे या गोष्टीची किंमत कळते. आणि दिवसभर पुरणारी बॅटरी हा गुण तर आमच्या मतें वजनापेक्षांही थोर. ज्या वाडीवस्तीवर वीज कधीं येईल याचा नेम नाहीं, तेथील मुलाचा अभ्यास त्यामुळें अडत नाहीं.

पातळपणाची हांव कोठें थांबवावी हें मोठमोठ्यांनाही उमगलें नाहीं. २०१५ पासून ॲपलनें आपल्या लॅपटॉपांचा कीबोर्ड इतका पातळ केला कीं, धुळीचा एखादा कण अडकला तरी कळ रुसे किंवा एकच अक्षर दोनदां उमटे. अखेर २०१८ मध्यें कंपनीस फुकट दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली, आणि २०२० च्या एअरमध्यें जुन्या धर्तीचा कीबोर्ड परत आला. याच्या शेजारीं एक दुसरें उदाहरण ठेवावेंसें वाटतें. २००७ सालीं आपल्या रायगड जिल्ह्यांतील एका वाडीच्या शाळेंत 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' या जागतिक योजनेचीं हिरवीं-पांढरीं यंत्रें मुलांच्या हातीं आलीं होतीं. त्यांचेंही वजन दीड किलोच्या आंतच. परंतु त्यांचा कीबोर्ड रबराचा व धूळबंद, पडदा उन्हांत वाचतां येण्याजोगा, आणि सबंध यंत्र स्क्रूड्रायव्हर घेऊन मुलांनीं उघडावें अशा बेतानें केलेलें. शंभर डॉलरांत मिळेल असें म्हणत, तें दोनशेंच्या घरांत गेलें, व ती योजना पुढें मंदावली. तरी हलकें यंत्र नाजूकच असलें पाहिजे असा कांहीं सृष्टिनियम नाहीं, एवढें त्यावरून दिसतें.

दुरुस्तीचें प्रकरण आम्हीं स्वतः भोगलेलें आहे. आमच्या पातळ यंत्रावर एके दिवशीं अर्धा कप चहा सांडला. तें पुण्यास नेलें. तेथील कारागिरानें उघडून पाहिलें व आंतील पाटी सबंध बदलावी लागेल असें सांगितलें. त्यानें सांगितलेला आंकडा मूळ किमतीच्या निम्म्याजवळ जात होता. यापूर्वींच्या आमच्या जाड लॅपटॉपाची बॅटरी खालच्या दोन खिट्ट्या सरकवून आम्हीं घरींच बदलली होती, आणि त्याचा कीबोर्ड अकलूजच्या एका तरुणानें अर्ध्या तासांत नवा बसवून दिला होता. तरीही आम्हीं पुन्हां हलकेंच यंत्र घेतलें, हें कबूल केलें पाहिजे. आम्हांस तें रोज शाळेंत न्यावें लागतें, व आमची पाठ पन्नाशीच्या पुढची आहे. मात्र आतां त्याच्याजवळ चहा ठेवीत नाहीं.

गेल्या खेपेस आलेल्या एका पालकांची गोष्ट सांगतों. त्यांचा मुलगा पुण्यास वसतिगृहांत राहून अभियांत्रिकी शिकतो. मुलगी वेळापूरहून रोज एस. टी. नें अकलूजच्या महाविद्यालयांत जाते. दोघेंही आमचे विद्यार्थी. मुलास पातळ, महागाचा लॅपटॉप घ्यावा व त्याचा जुना, जाड लॅपटॉप मुलीला द्यावा, असा त्यांचा बेत होता. "तो पुण्यात चारचौघांत वावरतो, गुरुजी," ते म्हणाले. आम्हीं विचारलें, "तो लॅपटॉप आठवड्यातून किती वेळा खोलीबाहेर काढतो, एवढं त्यालाच विचारा ना." त्यांनीं तेथूनच फोन लावला. मुलगा प्रामाणिक निघाला. महाविद्यालयांत संगणक आहेत, आपला खोलींतच असतो, महिन्यांतून एखाद्या वेळीं मित्राकडे नेतों, असें त्यानें सांगितलें.

मुलगी शेजारींच उभी होती. सकाळच्या गाडीस बसावयास जागा मिळते का, असें आम्हीं तिला विचारलें, तेव्हां ती नुसती हंसली.

केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर-धोरणांत दप्तराचें वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नसावें असें म्हटलें आहे. तो नियम शाळेपुरता आहे खरा. पण बारावी झाली म्हणून कोणाची पाठ रुंद होत नाहीं. बेचाळीस किलोच्या मुलीस त्या हिशेबानें सव्वाचार किलो झेपावे, आणि त्यांत पुस्तकें, पाणी, डबा हें सर्व आलें. आम्हीं हें मांडल्यावर ते गृहस्थ बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "मुलीला एवढं महागाचं दिलेलं घरात कसं दिसेल, ते बघायला हवं." त्यांच्या बोलण्यांत कठोरपणा नव्हता, खरोखरीची अडचण होती. आम्हीं त्यांस मागील वर्षींचा नमुना पाहण्यास सुचविलें, कारण नवा निघाला कीं त्याची किंमत बरीच उतरते व रोजच्या कामांत फरक जाणवत नाहीं.

पुढच्या रविवारीं ते मुलीस घेऊन अकलूजला गेले व आम्हांसही बरोबर नेलें. दुकानांत त्यांनीं वेगाविषयीं चकार शब्द काढला नाहीं, वजनकांटा मागितला. दुकानदार गोंधळला. शेवटीं शेजारच्या किराणा दुकानांतील कांट्यावर दोन्ही यंत्रें चार्जरसकट ठेवलीं. मुलाचें जुनें भरलें दोन किलो आठशें ग्रॅम. नवें एक किलो साडेचारशें. त्यांनीं दोन पिशव्या मागून घेतल्या, एकेका यंत्रास एकेक पिशवी केली, प्रथम एक खांद्यास लावून रस्त्याच्या वळणापर्यंत जाऊन आले, मग दुसरी लावून गेले. परत आले तेव्हां त्यांस घाम आला होता. पिशवी गल्ल्यावर ठेवून त्यांनीं दुकानदारास विचारलें,

"ह्याची रॅम सोळाची आहे ना? पावतीवर तसं लिहा."