अंगारा लावा, पण गोळी चुकवू नका

मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका



मुलुंडच्या पुढचं स्टेशन ठाणे. तिथलं मनोरुग्णालय १९०१ पासून उभं आहे. तरीही घरातल्या पोराला नसलेले आवाज ऐकू यायला लागले की मुलुंड-भांडुपच्या वस्त्यांतली कितीतरी माणसं ठाण्याला उतरत नाहीत. ती कल्याणपर्यंत जातात आणि हाजी मलंगचा डोंगर चढतात. अंधेरी-बोरिवलीकडची गुरुवारी माहीमच्या दर्ग्यात जातात, नाहीतर कुणी सांगितलेल्या भगताकडे. या माणसांना अडाणी म्हणणं मला जमत नाही. माझा धाकटा भाऊ स्किझोफ्रेनियाचा रुग्ण आहे आणि आईने त्याला आधी देवऋष्याकडेच नेलं होतं. शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, "डॉक्टरांचं होईलच हो, पण आधी बाहेरचं बघून घ्या."

त्या देवऋष्याने काय दिलं, ते सांगते. त्याने वेळ दिला. घरात कोण कोण आहे, कधीपासून सुरू झालं, त्याआधी घरात काय घडलं, हे सगळं विचारलं. आणि दोष बाहेर ठेवला. करणी दुसऱ्याने केलेली, नजर दुसऱ्याची, मुलगा चांगला. 'ठाण्याला पाठवा' ही आमच्याकडे शिवी आहे. ती एकदा घराला चिकटली की बहिणीचं लग्न अडतं आणि भावाची नोकरी जाते. पुढे ज्या रुग्णालयात गेलो, तिथे रांग मोठी होती, डॉक्टर दमलेले होते, बोलणं पाच मिनिटांत संपलं. आईच्या मनात तुलना झाली आणि पुढचं वर्षभर ती त्या रुग्णालयाकडे फिरकली नाही. त्या वर्षात आजार मुरला. मनोविकारात उपचाराला जितका उशीर होतो तितकं बरं होणं कठीण जातं, हे कुठलाही मानसोपचारतज्ज्ञ आपल्याला सांगेल. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार वेगवेगळ्या मनोविकारांत उपचारांपासून दूर राहिलेल्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के आहे. आमचं घर त्यातलंच एक होतं.

भक्ती म्हणजे आजार, असं मी म्हणत नाही आणि मानसोपचारशास्त्रही म्हणत नाही. ज्या समाजात माणूस वाढला तिथे सगळ्यांची असलेली समजूत भ्रम धरली जात नाही. वाटेत विठ्ठल सोबत चालतो असं म्हणणाऱ्या वारकऱ्याला कुणी गोळी लिहून देत नाही. माझ्या भावाला मात्र देव सांगत होता की आईने आमटीत विष कालवलंय. त्याची झोप गेली, आंघोळ सुटली, तो ताटावर बसेना. त्याच्या त्या देवाला घरातलं दुसरं कुणीच ओळखत नव्हतं.

याहून कठीण आहे तो पुण्याईच्या आड लपणारा आजार. पूजेत एक शब्द चुकला म्हणून बाई पुन्हा स्नान करते, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. दुपार होते तरी पूजा संपत नाही. हात धुऊन धुऊन सोललेले असतात आणि घरचे कौतुकाने सांगतात, आमच्या वहिनींचं सोवळं फार कडक. तो मंत्रचळ, म्हणजे ओसीडी, असू शकतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत. पण ती बाई दवाखान्यात येणार कशी? तिच्या घरात कुणाला काही बिघडलंय असं वाटतच नाही. उलट नैराश्याने खचलेल्या माणसाला पितृदोष सांगितला जातो, तेव्हा रात्रंदिवस स्वतःला बोल लावणाऱ्या त्या जिवाच्या माथी आणखी एक दोष येतो. आधी ही घुसमट घरातले पाहतात, गुरुजी पाहतात, मुजावर पाहतात, फादर पाहतात. डॉक्टर सर्वांत शेवटी.

या बाहेरच्या इलाजांत जे गुन्हा आहे ते गुन्हाच. २० ऑगस्ट २०१३ रोजी अंधश्रद्धा निर्मूलनाची चळवळ चालवणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने किंवा साखळीने बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हे त्याच्या अनुसूचीत अगदी पहिलं आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही रुग्णाला साखळीने बांधायला पूर्ण मनाई केली. त्यामागे तामिळनाडूतल्या एरवाडीची आठवण आहे. तिथल्या दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयगृहात ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली आणि साखळ्यांनी जखडलेले पंचवीसहून अधिक मनोरुग्ण पळूही न शकता जळून गेले. साखळीबाबत मला कसलीही तडजोड नको आहे. आमच्या लोकलच्या डब्यांत चिकटवलेल्या बाबा बंगालींच्या पत्रकांबाबतही नको आहे. मनोविकारांवर मंत्र-ताईताच्या इलाजाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. रेल्वे आपल्या अखत्यारीत नाही, पण स्टेशनाबाहेरच्या भिंती आणि खांब आपलेच आहेत.

मात्र त्याच २०१३ च्या कायद्याने प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, देवळातली, दर्ग्यातली, चर्चमधली प्रार्थना यांना हात लावलेला नाही. दाभोलकरांची चळवळही देवाधर्माविरुद्ध नव्हती, शोषणाविरुद्ध होती. प्रार्थनेला मोकळी ठेवलेली ही जागा महापालिकेने वापरावी, एवढंच माझं मागणं आहे.

तामिळनाडूतल्या एका मुथुस्वामी देवळात निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी केलेला अभ्यास २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. देवळात राहायला आलेले ३१ रुग्ण, सोबत घरचं माणूस, सरासरी सहा आठवड्यांचा मुक्काम. मारहाण नाही. सकाळची पूजा, मग झाडलोट, झाडांना पाणी. लक्षणं सुमारे २० टक्क्यांनी कमी झाली. अभ्यास लहान होता, तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणून देऊळ औषधाची जागा घेईल असं त्यातून निघत नाही. पण माणसाला बाहेर न काढता सामावून घेणारी जागा काय करू शकते, ते त्यात दिसतं. गुजरातने याच्या पुढचं पाऊल टाकलं. मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथे मीरा दातारच्या दर्ग्यात २००८ पासून सरकार आणि एक स्वयंसेवी संस्था मिळून 'दवा-दुआ' उपक्रम चालवू लागले. आजाराची लक्षणं ओळखायला मुजावरांना शिकवलं आणि डॉक्टर दर्ग्याच्या आवारातच बसू लागले. मुजावर दुआ करतो आणि डॉक्टरांकडे जायलाही सांगतो. त्याचा शब्द मोडायची कुणाची छाती होत नाही.

आमच्या घरीही गाठ अशीच सुटली. दुसऱ्या एका डॉक्टरांनी भावाच्या कपाळावरचा अंगारा पाहिला आणि ते आईला म्हणाले, "आई, अंगारा रोज लावा, पण गोळी एकही दिवस चुकवू नका." आईने दोन्ही पाळलं. आज भाऊ कामावर जातो आणि गणपतीत आमच्यापेक्षा मोठ्याने आरती म्हणतो. आपल्या प्रत्येक डॉक्टराला हे एवढं वाक्य म्हणता आलं पाहिजे. रुग्णाची श्रद्धा विचारून घेणं हे केस पेपरवर भूक आणि झोप लिहिण्याइतकंच आवश्यक माना.

कूपर, राजावाडी, भगवती, अगरवाल ही रुग्णालयं आपली, 'आपला दवाखाना'ही आपलाच. ट्रस्टींना बोलवा, पुजारी आणि मुजावरांना दोन दिवस शिकवा. मनोविकाराच्या नेहमीच्या गोळ्या वस्तीतल्या दवाखान्यात संध्याकाळी मिळू द्या, म्हणजे रोजंदारीवरच्या बापाला गोळ्यांसाठी खाडा करावा लागणार नाही. आणि सुरुवातीला एवढंच करा: सप्टेंबरात वांद्र्याची मोतमाउलीची जत्रा असते, मग नवरात्र, डिसेंबरात माहीमचा उरूस. गर्दीच्या दिवशी महापालिका प्रथमोपचाराचं टेबल मांडतेच, त्याच्या शेजारी आणखी एक मांडा. त्यावर मनोविकारांची जाण असलेला समाजसेवक बसवा. येणाऱ्याच्या हातात चिठ्ठी द्या, मराठी, हिंदी, उर्दू, गुजरातीत. तिच्यावर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा मोफत क्रमांक आणि जवळच्या ओपीडीचा वार नि वेळ लिहा. चिठ्ठ्या वाटायला आम्ही नातेवाईक येऊ. कुठे आणि कधी यायचं, तेवढं कळवा.

आपली,
एका रुग्णाची थोरली बहीण
मुलुंड (पूर्व)