मळसूत्राला खिडकी हवी

छोट्या रेल्वेच्या प्रतिकृती उभारणाऱ्या मंडळींत 'हेलिक्स' हा शब्द इतका रुळला आहे की त्याला मराठी शब्द शोधावा असे सहसा कुणाला वाटत नाही. शोधायला गेलेच तर 'सर्पिल' हाती येतो, आणि तो शब्द फसवा आहे. सर्पिल म्हटले की डोळ्यांपुढे जिलबी येते: सपाट, आतून बाहेर पसरत जाणारी. हेलिक्स पसरत नाही. तो आपली त्रिज्या तीच ठेवून वर चढतो. या आकाराला मराठीत नेमका शब्द आहे, तो म्हणजे मळसूत्र. पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांत लेथवर उभा राहणारा कामगार त्यालाच 'आटे' म्हणतो आणि दोन आट्यांमधल्या अंतराला 'पिच'. ज्या परिसरातल्या कित्येक घरांची चूल आटे पाडण्यावर पेटली, तिथे हा आकार परका मानण्याचे कारण नाही.

प्रतिकृतीत मळसूत्राची गरज का पडते, हे आधी पाहू. घरातल्या एका खोलीत रेल्वे मांडायची तर जमीन फार लवकर संपते. मग एका फळीवर दुसरी फळी येते. खालच्या मजल्यावर एक प्रदेश, वरच्या मजल्यावर दुसरा. मध्ये साधारण ४० सेंटिमीटरचे अंतर. ही उंची गाडीने चढायची कशी? रेल्वेला उभा चढ मानवत नाही. सदतिसास एक असा चढ धरला, म्हणजे ३७ सेंटिमीटर पुढे गेल्यावर एक सेंटिमीटर वर, तर ४० सेंटिमीटरसाठी जवळजवळ १५ मीटर लांबीचा रूळ लागतो. दोन खोल्यांच्या सदनिकेत पंधरा मीटर कुठून आणायचे? म्हणून ती लांबी गुंडाळायची. ६० सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ घेतले तर एका फेऱ्यात ३७७ सेंटिमीटर रूळ बसतो आणि गाडी सुमारे १० सेंटिमीटर चढते. असे चार फेरे झाले की वरचा मजला गाठता येतो. प्लायवुडच्या कड्यांची ही उतरंड आट्यांच्या सळयांवर तोलतात आणि नट वरखाली फिरवून प्रत्येक फेऱ्याची उंची नेमकी करतात. म्हणजे मोठे मळसूत्र उभे राहते तेही लहान मळसूत्रांच्या आधारावर.

सदतिसास एक हा आकडा मी सहज घेतलेला नाही. भोर घाटातल्या रेल्वेचा सर्वांत तीव्र चढ एवढाच आहे. पिंपरी-चिंचवडवरून जाणारी मुंबईची प्रत्येक गाडी तो उतरते वा चढते, आणि वर येणाऱ्या अनेक गाड्यांना आजही कर्जतला मागून जादा इंजिने जोडावी लागतात. खोलीतल्या प्लायवुडच्या मळसूत्रात आणि सह्याद्रीच्या कड्यात भूमितीने हे नाते आपसूक जुळवले आहे.

पण नाते केवळ आकड्याचे नाही. मुंबई-पुणे रेल्वेचा इतिहास हाच मुळात दोन मजले जोडण्याचा इतिहास आहे. मुंबईकडून खोपोलीपर्यंत गाडी आली १८५६ मध्ये. खंडाळा ते पुणे हा वरचा भाग सुरू झाला जून १८५८ मध्ये. म्हणजे पिंपरीच्या माळावरून आगगाडी धावू लागली तेव्हा तिचा मुंबईशी रुळांचा संबंधच नव्हता. खाली एक रेल्वे, वर दुसरी रेल्वे, आणि मध्ये सह्याद्री. ही मधली उंची प्रवाशांनी पालखीत वा तट्टावर बसून आणि सामानाने हमालांच्या डोक्यावरून ओलांडली. अखेर २१ एप्रिल १८६३ रोजी घाटाचा मार्ग खुला झाला. त्याची लांबी पंधरा मैलांहून थोडी अधिक, चढ १८३१ फुटांचा, बोगदे २५. डोंगरात पूर्ण वळण घ्यायला जागा नव्हती, म्हणून एका ठिकाणी गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडून, उलट्या दिशेने पुढचा चढ चढवला जाई. हे 'रिव्हर्सिंग स्टेशन' १९२९ मध्ये नव्या मार्गामुळे निकालात निघाले.

हा घाट एच-ओ प्रमाणात, म्हणजे सत्याऐंशीपटीने लहान करून, अस्सल मांडायचा झाला तर उंची साडेसहा मीटरच्या आसपास जाईल आणि रूळ तीनशे मीटरला टेकेल. कुणाच्याही घरात तो मावणार नाही. म्हणून प्रतिकृतीकार काय करतो? खाली कर्जत मांडतो, वर लोणावळा मांडतो, आणि मधला सारा घाट चार फेऱ्यांच्या मळसूत्रात गुंडाळून प्लास्टरच्या डोंगराआड झाकून टाकतो. माझा आक्षेप इथे आहे.

झाकण्याच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे, हे मान्य करायला हवे. उघडे मळसूत्र निसर्गासारखे दिसत नाही, गोदामातल्या रॅकसारखे दिसते. गाडी बोगद्यात शिरावी आणि भलत्याच उंचीवर बाहेर यावी, यातली गंमत झाकल्यावाचून साधत नाही. शिवाय संक्षेप हा प्रत्येक कलेचा हक्क आहे. कादंबरीकार 'पुढे चार वर्षे लोटली' असे लिहून मोकळा होतो. त्या चार वर्षांचा हिशेब आपण त्याच्याकडे मागत नाही. मग प्रतिकृतीकाराकडेच पंधरा मीटरचा हिशेब का मागावा?

कारण दोन्ही संक्षेप एका जातीचे नाहीत. कादंबरीकार चार वर्षे गाळतो तेव्हा ती खरोखरच घडवलेली नसतात. मळसूत्रातली गाडी मात्र खरोखर चालत असते. ताशी चाळीस किलोमीटरचा वेग त्याच प्रमाणात उतरवला तर ती जवळजवळ दोन मिनिटे दिसेनाशी होते. त्या दोन मिनिटांत ती साऱ्या मांडणीतला सर्वांत कठीण प्रवास करत असते. सततच्या वळणावर चाके रुळाच्या कडेला घासतात, त्यामुळे इंजिनाला चढ असतो त्याहून अधिक जाणवतो. गाडी लांब आणि मधले डबे हलके असले तर ते आतल्या बाजूला ओढले जाऊन कलंडतात. सपाटीवर वीस डबे ओढणारे इंजिन इथे दहांवरच चाके फिरवीत उभे राहू शकते. उंची लांबीने विकत घ्यावी लागते आणि तिची किंमत चाकांच्या झिजेत मोजावी लागते. आपण प्रेक्षकांना मांडणीतला नेमका हाच भाग दाखवत नाही.

घाटाच्या बाबतीत आपल्या स्मृतीनेही हेच केले आहे. मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांचे नाव इतिहासात राहिले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे येऊन थोड्याच दिवसांत मरण पावल्यावर त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट पुढे चालवले, हेही नोंदले गेले. पण १८६१ मध्ये ज्यांची संख्या ४०,०००च्या वर गेली होती, जे कॉलऱ्याने, सुरुंगांनी आणि कड्यांवरून कोसळून मोठ्या संख्येने मेले, ते मजूर कुठे आहेत? लोकांनी त्यांची आठवण आपल्या परीने ठेवली. जुन्या रस्त्यावरच्या शिंग्रोबाच्या देवळाची आख्यायिका सांगते की साहेबाला घाटाची वाट एका धनगराने दाखवली आणि बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली. आख्यायिकेला कागदाचा पुरावा मागता येणार नाही. तरीही चढण कुणाच्या तरी जिवावर झाली, हे तिला पक्के ठाऊक आहे. शिंग्रोबाचे देऊळ ही त्या झाकलेल्या मळसूत्राला लोकांनी पाडलेली खिडकीच आहे.

उघडेपणाने गंमत मरते, हेही खरे नाही. स्वित्झर्लंडमध्ये ब्रुसिओ येथे १९०८ पासून रेल्वे उघड्या माळावर, दगडी कमानींवरून, स्वतःभोवती वळसा घालून स्वतःखालूनच निघून जाते. काहीही लपवलेले नाही, आणि लोक मुद्दाम तेच पाहायला जातात. त्याच देशात १८८२च्या गोटहार्ड मार्गावर वळसे डोंगराच्या पोटात आहेत. पण बोगद्यांतून बाहेर येताना वासेन गावचे एकच चर्च प्रवाशाला तीनदा, तीन वेगवेगळ्या उंचींवरून दिसते. अभंगाचे ध्रुपद दर कडव्यानंतर परत येते, शब्द तेच असतात, पण आपण ते ऐकतो वरच्या पायरीवरून. मळसूत्राचे मर्म हेच आहे. ते त्याच जागी परत आणते, पण त्याच उंचीवर नाही.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. सगळे मळसूत्र उघडे ठेवा असे नाही, पण डोंगराच्या कुशीत एक हातभर खिडकी ठेवा. रुळावरून घसरलेला डबा उचलायला हात शिरावा म्हणून अशी वाट अनेकजण ठेवतातच, मात्र मागच्या बाजूला, प्रेक्षकांच्या नजरेआड. ती पुढे आणावी. तिच्यातून तीच गाडी चार वेळा, दर खेपेला दहा सेंटिमीटर वरून जाताना दिसेल. पुण्यात कोथरूडला जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथे मुले काचेला नाक लावून उभी राहतात ती गाडी कशी चालते हे कळावे म्हणूनही. त्यांचे कुतूहल आपण कमी लेखू नये.

साहित्याच्या वर्गातही हा प्रश्न परका नाही. मार्गदर्शिका वाचून परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्याला कादंबरीतली सगळी स्थानके पाठ असतात. एका स्थानकावरून दुसऱ्यापर्यंत ती चढली कशी, हे त्याला कुणी दाखवलेले नसते. ग्रेड सेपरेटर हा शब्द रोजच्या बोलण्यात वापरणाऱ्या, खाली रस्ता आणि वर मेट्रो घेऊन जगणाऱ्या पिंपरी-चिंचवडमध्ये मजल्यांची वाण नाही. मजले बांधणे आपल्याला जमते. ते जोडणारी वळणे ज्यांनी घातली आणि ज्यांना ती रोज चढावी लागतात, त्यांच्याकडे पाहायची सवय मात्र अजून लावून घ्यायची आहे. चार फेऱ्यांच्या प्लायवुडपासून तिची सुरुवात करता येईल.