प्रेक्षक नाहीत असे म्हणणाऱ्यांस

भंडारा जिल्ह्यात फुटबॉलला प्रेक्षक नाही, हे वाक्य आम्ही इतक्या जणांच्या तोंडून ऐकले आहे की ते आता भूगोलाच्या पुस्तकातल्यासारखे उच्चारले जाते. वैनगंगा दक्षिणेला वाहते, धानाला पाणी फार लागते, आणि भंडाऱ्यात फुटबॉलला प्रेक्षक नाही. क्रीडा विभागांतली मंडळी हे म्हणतात, प्राचार्य म्हणतात, आणि सांगायला संकोच वाटतो, ज्यांच्याबरोबर आम्ही कवितेच्या गप्पा मारतो ते मित्रही म्हणतात. विद्यापीठाचा संघ आहे, मुले जीव तोडून खेळतात, पण "आपल्या लोकांना आवडच नाही हो". हा निवाडा आम्हांस मान्य नाही. ज्यांनी तो दिला त्यांच्याच तो सोयीचा आहे, म्हणून जरा तपासून पाहावा म्हणतो.

आधी विद्यापीठाचा संघ म्हणजे काय ते पाहू. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचे क्षेत्र आज नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया अशा चार जिल्ह्यांचे आहे (चंद्रपूर व गडचिरोली २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठाकडे गेले). महाविद्यालयांच्या आपसांत स्पर्धा होतात, त्यांतून मुले निवडली जातात, थोड्या दिवसांचे शिबिर भरते, आणि संघ पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी दूरच्या कुठल्या तरी विद्यापीठात रवाना होतो. तिथे नशिबात असतील तितके सामने खेळून परततो, आणि परतल्यावर विसर्जित होतो. पुढच्या वर्षी पुन्हा नवी मुले, नवे शिबिर. ही रीत एकट्या नागपूरची नाही. भारतातल्या बहुतेक विद्यापीठांची हीच आहे. स्पर्धेचे यजमानपद मिळाले तरच हा संघ आपल्या माणसांसमोर खेळणार, एरवी नाही. आता ज्या संघाला घरचे मैदान नाही, वेळापत्रक नाही, दोन वर्षे टिकणारे नाव नाही, त्याचा पाठीराखा व्हायचे तर माणसाने नेमके काय करायचे? निकालाचा कागद सूचनाफलकावर लागला की टाळ्या वाजवायच्या?

काही वर्षांपूर्वी आम्ही जिल्ह्यातल्या एका मैदानावर महाविद्यालयांचा असा एक सामना पाहिला. दिवस कामाचा, वेळ सकाळी अकराची, ऊन तापू लागलेले. मैदानाला रेषा होत्या, बसायला जागा नव्हती. दोन्ही संघांचे राखीव खेळाडू, त्यांचे दोन शिक्षक, पंच, आम्ही तिघे, आणि रस्त्याच्या कडेला एक चहावाला. उत्तरार्धात एका सडपातळ पोराने डाव्या बाजूने तिघांना चकवून चेंडू असा काही आत दिला की चहावाला किटली खाली ठेवून उठला. त्याने आम्हांस विचारले, "कोन्या गावचे पोट्टे हायेत जी?" आम्हांस सांगता आले नाही. मुलांच्या पाठीवर आकडे होते, छातीवर काही नव्हते. तो माणूस त्या क्षणी प्रेक्षक झालेला होता. कुणाचा, तेवढेच त्याला कळेना. विचारायचेच सोडून तो पुन्हा किटलीकडे वळला. लोकांना आवड नाही असे म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात घ्यावा.

वस्तुतः प्रेक्षक होण्याची कला या जिल्ह्याला महाराष्ट्रातल्या कोणत्याही जिल्ह्याने शिकवावी अशी परिस्थिती नाही. दिवाळी उलटली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या चार जिल्ह्यांच्या धानपट्ट्यातल्या गावोगावी मंडप पडतात. नाटक रात्री उशिरा सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. लाखांदूरपासून वैनगंगा ओलांडली की वडसा. तिथे नाटक कंपन्यांची कार्यालये थाटली जातात, आणि गावातली मंडळे तिथे जाऊन तारखा ठरवतात. मंडळ पैसे गुंतवते, मंडप उभारते, गाडीवर कर्णा लावून गावागावांत पुकारा करते आणि तिकिटे विकते. लोक तिकीट काढून येतात, थंडीत शाली-घोंगड्या पांघरून पोराबाळांसह रात्रभर बसतात. कोणत्याही सरकारी योजनेने हा प्रेक्षक घडवलेला नाही. पुण्या-मुंबईच्या नाट्यसमीक्षेने या रंगभूमीकडे वर्षानुवर्षे ढुंकून पाहिले नाही, तरी तिचे काही अडले नाही. २०२३ मध्ये या रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा अनेकांना ती आहे हे प्रथम कळले. प्रेक्षक मात्र आधीपासून मंडपात बसलेला होता.

याच दिवसांत मंडई असते. भाऊबीजेपासून एकेका गावाची मंडई ठरलेली. लेकी-जावई येतात, सोयरे येतात, सोयरिकीची बोलणी निघतात, दंडार होते, रात्री नाटक. गावात त्या दिवशी माणूस मावत नाही. धान कापून बांध्या मोकळ्या होऊ लागलेल्या असतात, पुंजणे रचलेले असतात, हातात चार पैसे येण्याची आशा असते. शंकरपट असेल तर दिवसभर बैलांची शर्यत आणि रात्री नाटक, असा जोड कार्यक्रम. मंडईच्या दुपारी विद्यापीठाच्या संघाने गावच्या किंवा शेजारच्या तालुक्याच्या संघाशी नव्वद मिनिटे खेळून दाखवावे, ही कल्पना आजवर कुणाला का सुचली नाही? आम्हांस उत्तर ठाऊक आहे. मंडई विद्यापीठाच्या शैक्षणिक दिनदर्शिकेत नाही.

आमचे म्हणणे स्वप्नाळू वाटत असेल तर केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्याकडे पाहावे. तोही भातखाचरांचा मुलूख. पीक निघाले की मोकळ्या खाचरांत आणि मैदानांत सात-सात जणांच्या फुटबॉल स्पर्धा भरतात, तिथे त्यांना 'सेव्हन्स' म्हणतात. बांबू आणि पोफळीच्या खांबांच्या तात्पुरत्या गॅलऱ्या उभ्या राहतात, रात्री दिव्यांच्या उजेडात सामने होतात, लोक तिकीट काढून येतात. २०२२ मध्ये संतोष करंडकाची अंतिम फेरी याच जिल्ह्यातल्या मंजेरी गावी झाली तेव्हा केरळ-बंगाल सामन्याला गॅलरी खच्चून भरली होती. आणि कालिकत विद्यापीठ, जे आंतरविद्यापीठ फुटबॉलमध्ये अनेकदा अजिंक्य ठरले, त्याचे मुख्य आवार मलप्पुरममध्येच तेन्हिपालमला आहे. हा योगायोग मानायचा असेल त्यांनी मानावा. आम्हांस एवढेच दिसते की मोकळे खाचर, हिवाळी रात्र आणि तात्पुरता मंडप या तिन्ही वस्तू आमच्याकडे आहेत. तिथे त्यांच्या मधोमध चेंडू ठेवला गेला, इथे नाटक.

कोल्हापूरचे उदाहरण आम्ही मुद्दाम दुसऱ्या क्रमांकावर ठेवले, कारण ते दोन्ही बाजूंनी कापते. तिथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही तालमींची नावे संघांची नावे झाली; शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठ तिथे जाते. पाठीराखा हा जागेतून, गल्लीतून, वडिलांच्या वैरातून जन्मतो, याचा याहून चांगला पुरावा मराठी मुलखात नाही. त्याच शहरात १९६२ पासून शिवाजी विद्यापीठ आहे. त्याच्या संघासाठी पेठा ओस पडल्याचे आम्ही ऐकलेले नाही. मग फुटबॉलवेड असून चालत नाही, संघ कुणाचा हे ठाऊक असावे लागते. कोल्हापुरात हाणामाऱ्याही होतात, आणि त्या वैभवाचा भाग म्हणून खपवण्याची काही जणांची हौस आम्हांस आवडत नाही. पण रिकाम्या मैदानाच्या शांततेला शिस्त म्हणणारेही आम्ही पाहिले आहेत.

इथे एक आक्षेप येतो. विद्यापीठाच्या संघाचे पाठीराखे विद्यार्थीच असणार, आणि आमचे विद्यार्थी विखुरलेले, सकाळच्या एसटीने येऊन दुपारच्या एसटीने परतणारे. खरे आहे. भंडाऱ्याच्या, साकोलीच्या, तुमसरच्या मुलाला विद्यापीठ म्हणजे नागपुरातली एक खिडकी, जिथे गुणपत्रिकेतली चूक दुरुस्त करायला जावे लागते. पण विद्यार्थी एका आवारात असून तरी काय होते? डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचा संघ १९७९ पासून आयर्लंडच्या राष्ट्रीय लीगमध्ये आहे, १९८४ मध्ये त्याने तिथला राष्ट्रीय करंडक जिंकला, आवारात हजारो विद्यार्थी, आणि तरी त्याच्या तुरळक प्रेक्षकांवरून विनोद होतात. उलट मेक्सिको शहरातला राष्ट्रीय विद्यापीठाचा संघ, पूमास, याच्यासाठी गळा काढणाऱ्यांत विद्यापीठाचे तोंडही न पाहिलेली माणसे ढिगाने आहेत. त्यांनी तो आपल्या शहराचा संघ मानला. तेव्हा विद्यार्थी जमवण्याच्या नादात न पडता जिल्हा जमवावा.

नागपुरात हे एका माणसाने करून दाखवले होते. हिस्लॉप महाविद्यालयात खेळ शिकवणाऱ्या विजय बारसे यांनी २००१ च्या सुमारास वस्तीतल्या मुलांना चेंडू दिला, झोपडपट्टी फुटबॉलची स्पर्धा भरवली, आणि पुढे त्यातून स्लम सॉकर उभे राहिले. नागराज मंजुळे यांचा 'झुंड' २०२२ मध्ये आला तेव्हा महाविद्यालय आणि वस्ती यांच्यामधली भिंत पडद्यावर पाहून सगळे हळहळले. हळहळून घरी गेले. त्या भिंतीचा अर्थ मुले आत घेणे एवढाच नाही, खेळ बाहेर नेणे हाही आहे. आणि २००५ पासून या विद्यापीठाला नाव कुणाचे आहे? खंजिरी घेऊन गावोगाव फिरलेल्या, 'ग्रामगीता' लिहिणाऱ्या, चावडीपुढे हजारोंना जमवणाऱ्या माणसाचे. तुकडोजी महाराजांनी नागपुरात कार्यालय थाटून श्रोते येण्याची वाट पाहिली नाही.

तूर्तास पाठीराखे वाढवण्याचे जे उपाय सुचवले जातात त्यांविषयी थोडक्यात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना बसने आणून बसवणे, हजेरीचे गुण देणे, संघाला वाघाचे चित्र देणे, गाणे करवून घेणे. आणलेला प्रेक्षक आणणाऱ्याचा असतो. मध्यंतरात नाश्ता वाटला की तो उठतो. चित्राला आमची हरकत नाही, पण ते लावायला आधी कायमचा संघ हवा.

आम्हांस हवे ते फार नाही. विद्यापीठाने स्पर्धेपुरत्या संघाऐवजी वर्षभराचा क्लब करावा. त्याचे एक ठाणे भंडाऱ्यात असावे आणि छातीवर भंडारा हे नाव असावे. दिवाळी ते होळी या काळात पवनी, लाखनी, मोहाडी, लाखांदूर अशा ठिकाणी मिळून दहा सामने व्हावेत, शक्यतो मंडईच्या दिवशी, आणि यजमानपद गावच्या मंडळाकडे द्यावे. तिकीट ठेवावे, फुकट अजिबात नको. अर्धे उत्पन्न मंडळाला. कर्ण्यावरून पुकारा होताना खेळाडूंची नावे त्यांच्या गावांसह घेतली जावीत, आणि तो पुकारा झाडीबोलीत व्हावा. मुलींचा संघही याच दौऱ्यावर निघावा. नाटकाच्या मंडपात बायकांची गर्दी असते, ती मैदानावर येणार नाही असे आम्हांस वाटत नाही. इथे कबड्डीच चालते असे सांगणाऱ्यांना हरकत नसेल तर त्याच दिवशी कबड्डीही ठेवावी, लोक दोन्ही पाहतील.

खर्चाचे विचाराल, तर गावातली मंडळे दरवर्षी एका रात्रीच्या नाटकासाठी जी जोखीम पत्करतात ती विद्यापीठाला पेलवत नाही, असे कुणी अधिकृतपणे लिहून द्यावे. तीन हंगाम हे करून पाहावे. त्यानंतरही लाखनीच्या मैदानावर चहावाला आणि आम्ही तिघेच उरलो, तर या जिल्ह्याला फुटबॉलची आवड नाही हे आम्ही आमच्या नावानिशी मान्य करू.