घरसंसार : जुनी पेटी विकताना



पवनी तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे पती गायन पार्टीत पेटी वाजवीत. ते कालकथित झाले, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला आणि ऐन रोवणीच्या तोंडावर घरात पैशाची ओढ लागली. दारावर आलेल्या भंगारवाल्याने पेटी उचलून पाहिली. लाकूड जळणाचे, आतले पितळ किलोच्या भावाने, असा हिशेब त्याने सांगितला. पेटी मात्र पतीने कारागिरासमोर चार-चार दिवस बसून, आपल्या गळ्याप्रमाणे सांगून करवून घेतलेली. विकावी की नाही, आणि विकली तर कितीला, असे त्या विचारतात. पत्र एकीचे असले तरी असा प्रसंग गाण्याबजावण्याच्या अनेक घरांवर येतो. म्हणून उत्तर येथेच देत आहोत.

भंगारवाल्याला आधी नाही म्हणा. भंडाऱ्याच्या माणसाला पितळेची मोड म्हणजे काय हे शिकवायला नको. पितळी भांड्यांनी या गावाचे नाव सर्वदूर नेले. स्टील, अॅल्युमिनियम आणि प्लास्टिक आल्यावर किती घरांतले हंडे-गुंड तराजूत गेले, हे आपण डोळ्यांनी पाहिले. पण हंडा मोडला तर त्याचे पितळ तरी पितळच राहते. पेटीतल्या सुराचे तसे नाही. सूर म्हणजे पितळेच्या पट्टीवर एका टोकाला रिव्हेटने बसवलेली पितळेचीच पातळ जीभ. भात्याची हवा तिच्याजवळून गेली की ती थरथरते आणि आवाज निघतो. ही जीभ कानसीने किती घासली यावर तिचा स्वर ठरतो. टोकाकडे घासली तर स्वर चढतो, बुडाशी घासली तर उतरतो. सगळी किंमत या घासण्यात आहे, वजनात नाही. तराजूत टाकले तर एका पेटीचे सगळे सूर मिळूनही फारसे भरणार नाहीत.

पेटीचा वंश परदेशी आहे. पॅरिसच्या अलेक्झांडर दबेँ याने 1842 साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. ते वाद्य पायाने भाता हलवून वाजवायचे होते. आपल्याकडे जमिनीवर बसून गाण्याची रीत. म्हणून कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी 1875 च्या सुमारास हाताने भाता हलवायची पेटी घडवली, आणि ती खेड्यापाड्यांत पोचली. मोठ्या मंडळींना ती बराच काळ रुचली नाही. 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली, ती 1971 पर्यंत सैल झाली नाही. रेडिओने नाकारलेले हे वाद्य भजनात, कव्वालीत, नाटकात आणि आमच्या भीमगीतांच्या मंचावर मात्र मानाने बसले होते. हे जाता जाता सांगितले. पण ज्या वाद्याला घराबाहेर काढायचे ते काय आहे, हे घरातल्या माणसांना ठाऊक असावे.

आता कामाचे. विकण्यापूर्वी पेटीची तपासणी घरीच करा. भाता पूर्ण भरा, एकही पट्टी दाबू नका आणि भाता किती वेळ फुगलेला राहतो ते पाहा. लगेच बसला तर हवा कुठून तरी गळते आहे. चामडे फाटले असेल, घडीला भेग असेल किंवा पट्टीखालची गादी उंदराने कुरतडली असेल. मग समोरचे स्टॉपर ओढून एकेक पट्टी डावीकडून उजवीकडे दाबत जा. कोणती बोलत नाही, कोणती अडकते, कोणती न दाबताच बोलत राहते, हे कागदावर लिहा. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, त्याला घाबरू नका. सुरात धूळ बसली तरी आवाज बंद होतो, तेही दुरुस्त होते. दोन गोष्टी मात्र घरी करू नका. सुराला खोबरेल किंवा मशिनीचे तेल लावू नका आणि चाकूने खरडू नका. तेलावर धूळ चिकटते, आणि खरडलेले पितळ परत येत नाही. पूर्वी फार वेळा घासलेले सूर आधीच पातळ झालेले असतात. असा सूर पुढे तुटतो.

सुरांची जातही किमतीत येते. आजच्या बऱ्याच पेट्यांत गुजरातमधल्या पालिताण्याचे सूर असतात, आणि त्यांतही चांगले-साधे असतात. जुन्या पेट्यांत जर्मन सूर असतील तर जाणकार जास्त पैसे मोजायला तयार होतो. पण प्रत्येक जुनी पेटी जर्मन सुरांची असल्याची कथा प्रत्येक घरात सांगितली जाते! पुरावा असेल किंवा जाणकाराने उघडून पाहून सांगितले असेल तरच तसे म्हणा. ऐकीव गोष्टीवर भाव वाढवला आणि गिऱ्हाइकाने झाकण उघडून पाहिले, तर तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही त्याचा विश्वास बसणार नाही. दुसरी सावधगिरी उलट बाजूची. पेटी उघडायची तर तुमच्या देखत उघडावी. तपासायला ठेवून जा, चार दिवसांनी या, असे कोणी म्हटले तर पेटी परत घरी आणा. चांगले सूर काढून साधे बसवल्याच्या तक्रारी आम्ही एकाहून जास्त ठिकाणी ऐकल्या आहेत.

सांगून करवून घेतलेल्या पेटीची खरी अडचण वेगळीच असते. दुकानातली तयार पेटी कोणाच्याही कामाची. ही एका माणसाच्या गळ्यासाठी आणि बोटांसाठी झालेली आहे. कोणी काळी एकमध्ये गातो, बायकांचा आवाज बहुधा त्याहून वर, काळी चार-पाचच्या आसपास लागतो. एखादा जाणता वादक आपल्याच पट्टीतला सा धरून बाकीचे स्वर त्याच्याशी शुद्ध जुळवून घेतो. त्या पट्टीत पेटी अशी बोलते की ऐकणारा मान डोलावतो. पण दुसरी पट्टी धरली की काही स्वर टोचतात. ही खोड नव्हे, ती बनवणीच तशी आहे. न सांगता विकली तर मात्र घेणारा आठ दिवसांत भांडायला येईल, आणि त्याची चूक नसेल. म्हणून मालक कोणत्या पट्टीत गात होता हे आधी सांगा. त्यांच्या साथीदारांना, ढोलकीवाल्याला विचारा, त्यांना नक्की ठाऊक असते. त्याच पट्टीत गाणारा माणूस सापडला तर तुमची पेटी त्याला नव्या पेटीपेक्षा प्रिय होईल. असा माणूस शोधणे हेच विक्रीचे निम्मे काम आहे.

तो दुकानात क्वचित सापडेल. आमचा भाग झाडीपट्टीचा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत दिवाळीनंतर होळीपर्यंत रात्रीची नाटके होतात. त्यांचे मोठे केंद्र वडसा. 2023 मध्ये याच रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. पुढे एप्रिल लागला की 14 एप्रिल, मग बुद्धपौर्णिमा, गावोगाव गायन पार्ट्या आणि दुय्यम कव्वाली. म्हणजे वादकाला पेटीची गरज दिवाळीपूर्वी लागते, नाहीतर फेब्रुवारी-मार्चमध्ये. आणि आपल्याला पैशाची गरज कधी लागते? जून-जुलैमध्ये. पऱ्हे टाकायचे, रोवणीची मजुरी द्यायची, पोरांची पुस्तके घ्यायची. नेमके तेव्हा वादकाच्या हाताला काम नसते, त्याचा खिसा रिकामा असतो, आणि ओलाव्याने पेटीही नीट बोलत नाही. पावसाळ्यात पेटी विकणे म्हणजे तिन्ही बाजूंनी तोटा. या भगिनीला आमचे सांगणे असे, की बचत गटातून थोडी उचल मिळत असेल तर ती घ्या आणि पेटी दसऱ्यापर्यंत थांबवा. तोवर ती कोरड्या जागी, जमिनीपासून वर, कापडात गुंडाळून ठेवा. वाळवी आणि उंदीर, दोघांवर नजर असू द्या.

किमतीबद्दल आम्ही आकडा सांगणार नाही, कारण पेटी पाहिल्याशिवाय सांगितलेला आकडा खोटाच असतो. रीत सांगतो. तेवढ्याच सप्तकांची, तेवढ्याच सुरांच्या ओळींची आणि तशाच लाकडाची नवी पेटी आज कितीला पडते ते नागपूरच्या दोन दुकानांत विचारा. पेटी सागवानी आहे की हलक्या लाकडाची, कपलर आहे की नाही, स्केल चेंजर आहे की साधी, हे सांगून विचारा, नाहीतर उत्तराचा उपयोग नाही. भाता आणि सूर धड असतील तर नव्या किमतीच्या निम्म्याखाली उतरू नये, असे आमचे मत आहे. हातची, सागवानी, जुन्या उत्तम सुरांची पेटी साध्या नव्या पेटीपेक्षा महागही जाते. दुरुस्तीचा खर्च कारागिराकडून वेगळा काढून घ्या आणि गिऱ्हाइकाला तो आकडा दाखवा. तो वजा करून घेईल, पण त्याहून जास्त पाडून मागू शकणार नाही. मोबाइलवर पेटीचा आवाज भरून चार पार्ट्यांना पाठवला तर बसल्या जागी गिऱ्हाईक येते. मात्र आवाज सगळ्या पट्ट्यांचा भरा, फक्त चांगल्या पट्ट्यांचा नको.

पत्रात आणखी एक ओळ आहे, ती आम्हाला जास्त टोचली. पार्टीतले लोक म्हणतात की पेटी मंडळाची आहे, विकता येणार नाही. दिराचे म्हणणे, विहाराला दान करून टाका, विकणे शोभत नाही. येथे स्पष्ट बोलू. पेटी वर्गणीतून घेतली असेल तर ती मंडळाची, आणि घरच्यांनी ती विकू नये, मग ती वीस वर्षे तुमच्या घरात का असेना. वर्गणीची वही काढा, कोणी किती दिले ते पाहा. वहीत काही नसेल आणि पतीने भात विकून किंवा मजुरीतून पैसे दिले असतील, तर ती पत्नीची आणि लेकरांची आहे. मंडळाला हवी असेल तर मंडळाने योग्य भाव देऊन घ्यावी, हप्त्याने देऊन घ्यावी, पण लिहून. दान सुचवायला दिराच्या खिशातले काही जात नाही! ज्या घरात उद्याच्या रोवणीला पैसा नाही, त्या घराच्या डोक्यावर लोकलाजेचे दान लादणे आम्हाला मान्य नाही. मंडळाच्या जाणत्या कार्यकर्त्यांनी हे स्वतः होऊन सांगावे.

आणि कोणालाही देण्याआधी घरातल्या मुलींना विचारा. मुलाला विचारले जाते, त्याला गाण्याची आवड नाही म्हणतो आणि पेटी विकायला निघते. धाकटी मुलगी बापाच्या मांडीशी बसून सरगम शिकलेली असते, तिला कोणी विचारत नाही. तिला ठेवायची असेल तर वरचा सगळा मजकूर विसरा, आणि पैशाची दुसरी वाट काढा.

पुढच्या लाकडावर नाव असते, कोणी अशोकचक्र कोरून घेतो, कोणी जय भीम लिहून घेतो. नावाची पितळी पाटी स्क्रूने लावलेली असेल तर ती काढून घरी ठेवा. लाकडातच कोरलेले नाव मात्र खरवडू नका. पेटी विद्रूप होते, भाव उतरतो, आणि घेणारा वादक असेल तर त्याला त्या नावाचे ओझे वाटत नाही, उलट कोणाच्या हातची पेटी आहे हे तो चार गावांत सांगतो.

व्यवहाराच्या दिवशी साधी चिठ्ठी दोन प्रतींत लिहा. तारीख, दोघांची नावे, रक्कम, पेटीतले माहीत असलेले दोष आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. पैसे पूर्ण हातात आल्यावर पेटी द्या. घेणारा एसटीने नेणार असेल तर भाता बंद करून पट्टा लावा, स्टॉपर आत ढकला, गोधडीत गुंडाळा, आणि मागच्या सीटखाली टाकू नको, मांडीवर घेऊन बस, असे त्याला सांगा.