चावी दिलीस का रे?

"ऑटोमॅटिक घे, रोज चावी द्यायची कटकट नाही!" घड्याळ घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला हा सल्ला मिळतो. मला तो ऐकला की हसू येते. अहो, कटकटच नको असेल तर क्वार्ट्झ आहे की! १९६९ च्या नाताळात सायकोने पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढले, तेव्हाच सोयीचा सामना संपला. आज पाचशे रुपयांचे क्वार्ट्झ लाखाच्या यांत्रिक घड्याळापेक्षा अचूक वेळ दाखवते. म्हणजे आज जो यांत्रिक घड्याळ घेतो, तो सोय विकत घेत नसतोच. मग सोयीच्या नावाखाली त्यातली सगळ्यात मजेची गोष्ट त्याने का सोडावी? माझे मत सरळ आहे. यांत्रिक घ्यायचे तर चावीचे घ्या. ऑटोमॅटिक म्हणजे धड ना इकडचे, धड ना तिकडचे.

हे मत मी पैसे मोजून मिळवले आहे. ड्रेस्डेनला पीएच.डी. करत असताना साठवलेल्या पैशातून एक ऑटोमॅटिक घेतले. त्याच्या पोटात अर्धवर्तुळाकार वजन असते, त्याला रोटर म्हणतात. हात हलला की तो फिरतो आणि स्प्रिंगला पीळ बसतो. झकास! पण प्रबंध लिहिताना माणूस हलतो किती? दिवसभर खुर्चीत बूड आणि कीबोर्डवर बोटे. एका पहाटे घड्याळ बंद पडले. सकाळी मी ते उचलून मनगटावर बांधले, त्या हिसक्याने रोटर हलला आणि स्वारी काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू. पंचवीस मिनिटे मागे! मी प्राध्यापकांच्या दारात पोचलो तेव्हा ते दुसऱ्या बैठकीला निघून गेले होते. चावीचे घड्याळ संपले की थांबते आणि तुम्ही चावी देईपर्यंत थांबूनच राहते. हे मात्र डुलकी काढून वर तोंड करून वेळ सांगत होते.

त्या संध्याकाळी खणातून बाबांचे एचएमटी 'जनता' बाहेर काढले. मी निघताना त्यांनी ते माझ्या हातात ठेवले होते आणि मी ते मोज्यांखाली ठेवून विसरलो होतो. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला. त्यातून आलेले हे 'जनता' आपल्याकडच्या कित्येक घरांतले पहिले घड्याळ. सरकारने २०१६ मध्ये कंपनी बंद करायचा निर्णय घेतला, पण घड्याळ चालूच आहे. पंचवीस-तीस वेढे दिले की दीड दिवसाची बेगमी.

चावी देताना काय होते ते सांगतो. पहिले वेढे हलके जातात, मग बोटांना पीळ जाणवू लागतो, आणि शेवटी स्प्रिंग 'बास' म्हणते. तिचे टोक पक्के बसवलेले असते म्हणून हे कळते. ऑटोमॅटिकमध्ये ते टोक मुद्दाम घसरते ठेवतात, नाहीतर रोटर फिरतच राहून स्प्रिंगवर भलता ताण येईल. म्हणजे पोट भरले की नाही हे त्याला सांगताच येत नाही! शिवाय पीळ उतरला की घड्याळाची चाल बदलते, म्हणून रोज ठरल्या वेळी चावी द्यावी. बाबा सकाळच्या चहाआधी देत.

आणि हा काही गरिबाच्या घड्याळाचा कैवार नव्हे. ड्रेस्डेनपासून जवळच ग्लासह्युट्टे नावाचे छोटेसे गाव आहे. १८४५ पासून तिथे घड्याळे होतात. पूर्व जर्मनीच्या काळात लांगे हे नाव तबकड्यांवरून गेले. १९९४ मध्ये ते परत आले ते 'लांगे १' या घड्याळावर, आणि ते चावीचे होते! नव्या घड्याळाची किंमत मोटारीएवढी. मागच्या काचेतून सगळी कारागिरी दिसते, कारण मध्ये रोटर फिरत नाही. रोटर नसला की घड्याळ पातळही करता येते.

पाणबुड्याने ऑटोमॅटिक घ्यावे, हे मान्य. चावी रोज फिरवली की तिथले पाणी अडवणारे रबर झिजते. पण आपण कुठे समुद्रात उड्या मारतो? आणि गंमत बघा, ऑटोमॅटिकवाल्यांसाठी बाजारात विजेवर चालणारी पेटी मिळते. घड्याळ घातले नाही की ती ते गोल गोल फिरवत बसते. दोन मिनिटांची चावी वाचवायला चोवीस तास वीज! याला सोय म्हणायचे?

मी पोटासाठी यंत्रे आपोआप चालवण्याचेच काम करतो, तेव्हा मला ऑटोमॅटिकचे वावडे नाही. घरी पैसेसुद्धा दर महिन्याच्या १ तारखेला बँकेतून आपोआप जातात. मी आजारी असलो, भांडलेलो असलो, अगदी आईबाबांची आठवणही झाली नाही, तरी जातात. सोय उत्तम आहे. पण त्या पैशाला 'मुलगा आमची आठवण काढतो' असे कोणी म्हणणार नाही. ती फोन करूनच काढावी लागते, आणि फोन आपोआप लागत नाही. प्रबंधाच्या त्या महिन्यांत तो तीन-तीन आठवडे लागला नव्हता.

आता रोज सकाळी घड्याळाला चावी देतो आणि तेव्हाच घरी फोन लावतो. बाबा पहिला प्रश्न तोच विचारतात, "चावी दिलीस का रे?"

"दिली, बाबा."